परत आणून दाखव

आपा कधी बोट दाखवत नसत. माणसाकडे तर नाहीच, पण वस्तूकडे, दाराकडे, भिंतीवरच्या नकाशातल्या शहराकडेसुद्धा नाही. दुबईच्या जबल अली बंदरातल्या आमच्या गोदामाच्या फाटकावर एखादा नवा ट्रक ड्रायव्हर नेमका त्यांनाच गाठून विचारायचा, "कोल्ड स्टोअर किधर है?" दुसरं कोणी असतं तर हात लांब करून मोकळं झालं असतं. आपा दोन्ही हात पाठीशी बांधून उभ्या राहायच्या आणि सांगायच्या, "सीधा जाओ. पीली दीवार आएगी, उसको दाहिने हाथ पे रखो. जहाँ दीवार खलास, वहाँ नीला दरवाज़ा." ड्रायव्हर आधी त्यांच्या हातांकडे बघत राहायचा, मग मान हलवून जायचा. पण तो चुकला असं कधी झालं नाही.

मी एकदा कारण विचारलं. त्या खळखळून हसल्या.

"दुबईत नवी आले ना, तेव्हा मला अरबी येत नव्हतं. खालचा भाजीवाला इराणी, त्याला माझी हिंदी कळायची नाय. मग काय करणार? हे दे, ते दे, करत बोट दाखवायचे. तो गालात हसायचा. मी बी.एस्सी. झालेली बाई गो, आणि मुक्यासारखी भेंड्यांकडं बोट करून उभी! त्या दिवशी ठरवलं, ज्या वस्तूचं नाव येत नाय ती घ्यायची नाय."

"मग?"

"मग काय! महिनाभर घरात खुब्ज, म्हणजे इथली रोटी, आणि दही. दोघांचीच नावं येत होती."

आपा मूळच्या रायगडच्या किनाऱ्यावरच्या. वडिलांचं मचव्यांचं काम, घरात कोकणी, शाळा मराठी. कॉलेजला मुंबईत गेल्या, तिथेच एका गिरणीच्या कचेरीत संगणकाच्या खात्यात लागल्या, आणि लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर दुबईला आल्या. नवरा लवकर गेला. सासरचे, माहेरचे सगळे म्हणाले, परत ये. त्या म्हणाल्या, "येईन, पण माझ्या तारखेला." आणि राहिल्या. मी त्यांना पाहिलं तेव्हा त्या पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज, आणि बाहेर अंडं उकडेल असं ऊन असतानाही अंगात मोरपंखी रंगाचा लोकरी स्वेटर. कारण त्यांचा दिवस सर्व्हर रूममध्ये जायचा आणि तिथला एसी महाबळेश्वरसारखा चालायचा.

कंपनीत लेबनीज जनरल मॅनेजरपासून पठाण बसड्रायव्हरपर्यंत सगळे त्यांना आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणत. लेबनीज साहेबांना तर ते त्यांचं आडनावच वाटायचं. पत्रांवर ते 'मिसेस आपा' असं लिहीत.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. मी दुबईतच वाढलेली. तिथल्या ऊद मेथा भागातल्या शाळेत शिकले, पुण्याला जाऊन डिग्री घेतली आणि वडिलांच्या व्हिसावर परत आले. आई मराठीत विचारायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायची, अशी आमच्या घरची रीत. नोकरीसाठी जबल अलीला गेले तेव्हा वाटलं होतं, एखादा टाय लावलेला माणूस चार प्रश्न विचारेल. आत स्वेटर घातलेल्या आपा होत्या. माझा बायोडेटा त्यांनी उलटा करून ठेवला.

"मराठी ना गो तू?"

"येस. आय मीन, हो."

"ही फाइल पुसून टाक."

समोरच्या काळ्या पडद्यावर फाइलीचं नाव लुकलुकत होतं. मी कमांड टाइप केली, एंटर मारलं. फाइल गेली. मला वाटलं, एवढीशी परीक्षा!

"छान," आपा म्हणाल्या. "आता परत आणून दाखव."

मी येत होत्या तेवढ्या सगळ्या कमांड मनात आठवून पाहिल्या. शेवटी म्हणाले, "मला नाही येत."

"नाय येत ना? मग शनिवारपासून ये."

माझ्याआधी आलेल्या दोघांनी म्हणे अर्धा अर्धा तास कीबोर्ड बडवला होता आणि 'होईल, होईल' म्हणत राहिले होते. आपांना 'होईल' या शब्दाचा भारी राग. त्या दिवशी मी पुसलेली फाइल म्हणजे त्यांचाच रजेचा अर्ज निघाला. माझ्यासमोर त्यांनी पायाशी ठेवलेल्या पेटीतून एक टेप काढली, यंत्रात घातली, दोन ओळी टाइप केल्या आणि अर्ज जसाच्या तसा पडद्यावर आणला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पुसता सगळ्यांना येतं."

आमच्या ऑफिसात तेव्हा एकच मोठा संगणक होता. त्याला फाइल सर्व्हर म्हणायचे. बाकी सगळ्यांच्या टेबलावरचे पीसी वायरने त्याला जोडलेले. कुठल्या गोदामात कुणाचा माल, कुठल्या कप्प्यात, कधी आला, कधी जायचा, सगळा डेटाबेस त्या एका यंत्राच्या पोटात. त्याशिवाय अजून एक छोटा डेटाबेस होता, दोन-चार फायलींचा, जो कुणाच्या खिजगणतीत नव्हता. त्यात माणसांची नावं, त्यांचे पासवर्ड, आणि कुणाला कुठलं फोल्डर उघडायची मुभा आहे, एवढंच. आपांचा जीव त्या छोट्यावर जास्त. "माल हरवला तर शोधता येतो," त्या म्हणायच्या. "पण तू कोण हेच सर्व्हर विसरला, तर तुला आत कोण घेणार?"

अडचण अशी की सर्व्हर चालू असताना या फायली उघड्या असतात, आणि उघड्या फाइलीची कॉपी घेतली तर ती अर्धीमुर्धी येते किंवा येतच नाही. म्हणून आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं, मग डेटाबेस बंद करायचा, कॉपी घ्यायची, आणि पुन्हा उघडायचा. बहुतेक कंपन्यांत हे काम लोक घरी गेल्यावर होत असे. आपा ते भर दुपारी करायच्या. "अंधारात केलेल्या कामाला साक्षीदार नसतो," हे त्यांचं कारण. दुपारच्या जेवणाची वेळ झाली की त्या हातात पितळी घंटा घेऊन सर्व्हर रूममधून निघायच्या, शाळेच्या शिपायाकडे असते तशी, आणि सगळ्या मजल्यावरून वाजवत फिरायच्या. "लॉगआउट! यल्ला, चलो, लॉगआउट!" अकाउंट्समधला कोणी म्हणालाच की "आपा, वन मिनिट," तर त्याच्या कानाशी उभं राहून वाजवायच्या. तो निमूटपणे बाहेर पडायचा, पीसीतूनही आणि खोलीतूनही.

मग त्या खुर्चीत बसायच्या आणि कमांड टाइप करायच्या. पण एंटर मारण्याआधी ती मोठ्याने वाचायच्या, अक्षर न अक्षर. "कॉपी, स्पेस, एफ कोलन, बॅकस्लॅश, स्टॉक, बॅकस्लॅश, स्टार डॉट स्टार…" मक्तबात कुराण वाचायला बसलेल्या मुलीसारख्या लयीत, किंचित डुलत. संपलं की स्वतःलाच विचारायच्या, "कुठून? कुठं?" आणि स्वतःच उत्तर द्यायच्या. मगच एंटर. मला सुरुवातीला इतकं हसू यायचं की मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर जायची. पुढे माझ्याकडूनही त्यांनी तेच करून घेतलं.

माऊस त्यांना चालत नसे. तेव्हा खिडक्याखिडक्यांचे नवे प्रोग्राम येत होते, चित्रावर बाण नेऊन टिचकी मारली की बॅकअप सुरू. मी हौसेने एक बसवून दाखवला. आपांनी तो शेवटपर्यंत पाहिला, मधे बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे काय, पुन्हा बोट दाखवणंच झालं ना? ज्याला भाषा येत नाय तो बोट दाखवतो. तुला येते. मग सांग त्याला, काय पाहिजे ते." आणि माझा माऊस काढून ड्रॉवरमध्ये ठेवला.

माझ्या मराठीवरही त्यांची नजर असायची. "ॲक्च्युअली तो प्रिंटर ना, काम नाही करत आहे" असं मी म्हणाले की म्हणायच्या, "पोरी, मराठी बोलतेस का टेलेक्स पाठवतेस?" पुण्यात राहून सुधारलं नाही तेवढं माझं मराठी जबल अलीच्या त्या थंड खोलीत सुधारलं. शिकवणारी बाई कोकणी होती म्हणून आईला आधी आश्चर्य वाटलं, मग कौतुक.

टेप त्या ऑफिसात ठेवत नसत. ऑफिसला आग लागली तर टेपही त्याच आगीत जाणार, मग उपयोग काय? म्हणून रोजची टेप त्यांच्याबरोबर घरी जायची, बर दुबई नावाच्या भागात. उन्हाने ती तापू नये म्हणून पिकनिकला नेतात तसली जाड झाकणाची पेटी त्यांनी घेतली होती. कंपनीच्या बसमध्ये ती पेटी खिडकीपासून लांब, त्यांच्या शेजारच्या सीटवर बसायची. बस कितीही भरली तरी त्या सीटवर कुणी बसायचं नाही. एकदा कुणा नव्या माणसाने पेटी खाली ठेवायला हात लावला, तर आपांच्या आधी पठाण ड्रायव्हरच ओरडला, "ओये! वो आपा का बच्चा है!"

पण खरी मजा गुरुवारी. गुरुवारी अर्धा दिवस, शुक्रवार सुट्टीचा, म्हणून लोक सुट्टीच्या रंगात. आपा घंटा घेऊन हॉलमध्ये उभ्या राहायच्या आणि कुणा एकाला विचारायच्या, "बोल, कुठली फाइल?" त्याने आपल्या कामातली कुठलीही एक फाइल सांगायची. आपा आठवड्याच्या टेपमधून ती काढून एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायच्या, आणि त्या माणसाला बोलावून म्हणायच्या, "उघड. तुझीच ना? शेवटची ओळ वाच." लोक मुद्दाम विसरलेल्या, कोपऱ्यातल्या फायली सांगायचे. हरणाऱ्याने चहा पाजायचा अशी पैज असायची, आणि आपांना तो चहा कधीच पाजावा लागला नाही. साहेब एकदा म्हणाले, "मिसेस आपा, बॅकअप रोज होतो हे मला माहीत आहे, मग हा खेळ कशाला?" आपा म्हणाल्या, "सर, कॉपी घेतली म्हणजे बॅकअप नाही झाला. परत आली, तर झाला."

आणि मग तो मे महिना आला.

आपा भाचीच्या लग्नाला गावी गेल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच घंटा, पेटी आणि किल्ल्या माझ्या हाती दिल्या होत्या. निघताना सूचना एकही दिली नाही. मला त्याचंच दडपण आलं होतं.

एका सकाळी मी सर्व्हर रूमचं दार उघडलं आणि तोंडावर भट्टीसारखी वाफ आली. एसी कधीतरी बंद पडला होता. सर्व्हर चालू होता, पण त्याची डिस्क घरघर करून गप्प झाली. पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. बाहेर लोक येऊन आपापल्या पीसीसमोर बसत होते आणि एकेक जण उठून माझ्याकडे येत होता.

तेवढ्यात कोल्ड स्टोअरचे इनचार्ज आले. मल्याळी गृहस्थ, त्यांना आम्ही चेट्टन, म्हणजे दादा, म्हणायचो. त्यांच्या कपाळावर घाम होता. फाटकावर ट्रक उभे होते, अबू धाबीच्या इस्पितळांसाठी इन्सुलिन आणि लशी न्यायला. कोल्ड स्टोअर म्हणजे एकामागे एक खोल्या, प्रत्येकीत छतापर्यंत रॅक, सगळी खोकी दिसायला सारखी. कुठलं कुठे ते फक्त सर्व्हरला माहीत.

साहेबही धावत आले. "दारं उघडा आणि हाताने शोधा," ते म्हणाले.

चेट्टन कधी साहेबांना उलट बोलत नसत. त्या दिवशी बोलले. "सर, बाहेर हे ऊन. सगळी दारं उघडून शोधत बसलो, तर खोकी सापडतील. आतलं औषध राहणार नाही."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी त्या खोलीतली सर्वात लहान होते आणि किल्ल्या माझ्या हातात होत्या.

"मला असरच्या, उतरत्या दुपारच्या, अजानपर्यंत वेळ द्या," मी म्हणाले. "डेटा परत येईल. इन्शाल्ला."

साहेबांनी विचारलं, "हे इन्शाल्ला म्हणजे हो, की नाही?"

"हो," मी म्हणाले.

म्हणाले खरी, पण आधी फोनकडे धावले. मी आपांच्या गावी फोन लावला. बऱ्याच प्रयत्नांनी लागला. मागे बायका हळदीची गाणी म्हणत होत्या.

"आपा, सर्व्हर गेला."

"सर्व्हर गेला का डिस्क गेली? नीट सांग."

"डिस्क."

"टेप?"

"आहे. कालची. माझ्याच घरी होती."

"मग रडतेस कशाला?"

"रडत नाहीये मी."

"आवाज रडतोय. पाणी पी. कपाटात नवी डिस्क हाय, ती घाल, सर्व्हर उभा कर. टेप आधी माझ्या पीसीवर उतरव. उतरली की फोन कर." आणि फोन ठेवला.

इलेक्ट्रिशियनने एसी चालू केला. चेट्टननी कुठून तरी दोन टेबलफॅन आणून सर्व्हरच्या तोंडाशी लावले. मी नवी डिस्क बसवली, सर्व्हरचा प्रोग्राम पुन्हा घातला, टेप आपांच्या पीसीवर उतरवायला लावली. तिचा तो करकर आवाज मी इतक्या वेळा ऐकला होता, पण त्या दिवशी मी प्रत्येक करकरीला कान लावून होते. दुपार झाली तेव्हा टेप उतरली. आता ते सगळं पीसीवरून सर्व्हरवर न्यायचं होतं. मी पुन्हा फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. खोलीत साहेब होते, चेट्टन होते, दारात आणखी माणसं.

"आपा, आता कमांड सांगा."

"मी नाय सांगणार."

"आपा!"

"मला इथून पडदा दिसतो का? तुला दिसतो. तू लिही, तू वाच. मी ऐकते."

मी लिहिली. वाचली. "कॉपी, स्पेस, डी कोलन, बॅकस्लॅश, टेप, बॅकस्लॅश, स्टॉक…"

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचली.

"कुठून?"

"पीसीवरून."

"कुठं?"

"सर्व्हरवर."

"दाब."

फायलींची नावं एकाखाली एक सरकायला लागली. दारातून कुणीतरी "माशाल्ला" म्हणालं. आपांनी तिकडून विचारलं, "कोण बोलतंय? त्याला गप्प बसव." प्रत्येक ओळीला त्या 'पुन्हा वाच' म्हणत होत्या, ओळ बरोबर असो नसो. त्यामुळे त्यांच्या आवाजावरून मला काही अंदाज बांधता येत नव्हता. ऐकायचं ते स्वतःलाच.

मालाचा सगळा डेटाबेस परत आला. चेट्टन धावत आपल्या पीसीकडे गेले, आणि तसेच परत आले. "नॉट ओपनिंग. माझं नावच ओळखत नाही."

बरोबरच होतं. नवी डिस्क, नवा सर्व्हर. तो कुणालाच ओळखत नव्हता. तो छोटा डेटाबेस अजून जायचा होता. मी "आपा, आता नावांच्या फायली" असं म्हणाले आणि पलीकडून नुसती घूं घूं ऐकू आली. लाइन तुटली होती. साहेबांनी स्वतः नंबर फिरवला. लागेना. फाटकावरचे ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते.

मी थांबले नाही. सर्व्हरवर जाऊन तो छोटा डेटाबेस बंद केला. कॉपीची कमांड लिहिली. घाईत लिहिली. बोट एंटरवर गेलं.

"मोळे," मागून चेट्टन म्हणाले. मल्याळममध्ये पोरी म्हणतात तसं. "फिर से पढ़ो."

मी वळून बघितलं. चेट्टन हात पाठीशी बांधून उभे होते, अगदी गंभीर. मी वाचायला लागले. "कॉपी, स्पेस, एफ कोलन…" आणि माझी जीभ अडखळली. एफ म्हणजे सर्व्हर. मी उलटं लिहिलं होतं. सर्व्हरवरचा कोरा डेटाबेस मी पीसीवरच्या चांगल्या डेटाबेसवर चढवणार होते. टेप शाबूत होती, पण ती पुन्हा उतरवेपर्यंत अजान होऊन गेली असती, आणि त्या ट्रकांसाठी दारं उघडावी लागली असती.

मी ओळ पुसली. नव्याने लिहिली. मोठ्याने वाचली, आणि यावेळी साहेबांनीच विचारलं, "फ्रॉम व्हेअर?" मी सांगितलं. "टू व्हेअर?" तेही सांगितलं. मग एंटर मारलं, डेटाबेस उघडला आणि चेट्टनना म्हणाले, "जा, बघा."

ते गेले. आम्ही सगळे त्यांच्या मागे. चेट्टन एका बोटाने टाइप करायचे. नाव टाकलं, पासवर्ड टाकला, पडदा काळा झाला, आणि मग त्यांच्या कोल्ड स्टोअरचा तक्ता उजळला. खोली, रॅक, कप्पा. चेट्टननी छापलेला कागद असा छातीशी धरला आणि त्या वयात ते पळत सुटले. प्रत्येक खोलीचं दार एकदाच उघडलं आणि लगेच लागलं. शेवटचा ट्रक फाटकातून बाहेर पडला तेव्हा अजान व्हायची होती.

संध्याकाळी गावचा फोन लागला.

"आपा, सगळं परत आलं."

"उघडून बघितलंस?"

"बघितलं. लोकांनीही बघितलं."

"ट्रक?"

"गेले."

 मग त्या म्हणाल्या, "बरं. आजचा बॅकअप राहिलाय. तो घे." आणि फोन ठेवला.

मी रिसीव्हरकडे बघत राहिले. शाबासकीचा एक शब्द नाही! पण बॅकअप घेतला. पुढे कित्येक महिन्यांनी त्यांचा भाऊ दुबईला आला होता, त्याने मला सांगितलं, की त्या संध्याकाळी फोन ठेवल्या ठेवल्या आपांनी स्वयंपाकघरातलं वाफवलेल्या गोड सांदणांचं ताट उचललं, जे दुसऱ्या दिवशी वऱ्हाडासाठी होतं, आणि सगळ्या मोहल्ल्यात वाटून आल्या. लोक विचारायला लागले, निकाह तर उद्या आहे, आज कसले सांदण? तर म्हणाल्या, "हे आमच्या जबल अलीचे."

आपांचं निवृत्तीचं वय झालं तेव्हा साहेब त्यांचा व्हिसा वाढवायला तयार होते. त्यांनी नको म्हटलं. "माझ्यावाचून अडत असेल तर मी काम वाईट केलं," एवढंच कारण. त्यांच्या जागी कोण, यावर मीटिंग झाली. मीही होते. साहेबांचा विचार बाहेरून कुणी अनुभवी माणूस आणण्याचा होता. माझ्याबद्दल म्हणाले, "चांगली आहे, पण फार लहान आहे."

आपांनी विचारलं, "सर, डिस्क गेली त्या दिवशी मी कुठे होते?"

"इंडियात."

"आणि लाइन तुटली तेव्हा?"

साहेब हसले. टेबलावर तळवा आपटून म्हणाले, "खलास. तिलाच द्या."

नेमणूक लगेच झाली, आणि आपांची जायची तारीख आठवडाभर पुढे होती. म्हणजे तेवढे दिवस कागदोपत्री त्या माझ्या हाताखाली होत्या. मला वाटलं ही नुसती गंमत आहे. आपांनी ती गंभीरपणे घेतली. स्वतःच्याच खोलीच्या दारावर टकटक करून विचारायच्या, "आत येऊ?" जेवायला जाताना परवानगी मागायच्या. गावी न्यायच्या खरेदीसाठी अर्ध्या दिवसाची रजा हवी होती, तर रीतसर अर्ज लिहून माझ्यासमोर ठेवला आणि सही होईपर्यंत उभ्या राहिल्या. मी म्हणाले, "आपा, बसा ना, मला लाजवू नका." तर म्हणाल्या, "लाजायला काय झालं? नीट वाच आणि सही कर. वाचल्याशिवाय सही करणारी बॉस मला चालायची नाय."

एअरपोर्टवर मी सोडायला गेले. कंपनीची गाडी होती, पठाणाने सामान उतरवलं, डोळे पुसले आणि पार्किंगचं निमित्त करून निघून गेला. मी आपांची बॅग ढकलत काउंटरपर्यंत गेले. मला भरून आलं होतं, आणि आपा मात्र पुढच्या माणसाच्या बॅगेला दोरी कशी चुकीची बांधली आहे ते त्याला समजावून सांगत होत्या.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती, बहुधा लखनौकडची, गोड हिंदी बोलणारी. तिने तिकीट बघितलं, आपांकडे बघितलं, माझ्या लाल नाकाकडे बघितलं आणि हसून विचारलं, "आपकी बेटी हैं?"

आपांनी ओढणी सारखी केली. मान वर केली. एवढ्या वर्षांत त्या मला बोलल्या नव्हत्या ते सगळं त्यांच्या आवाजात आलं, आणि आजूबाजूच्या रांगांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने त्या म्हणाल्या, "बेटी? नहीं जी. ये मेरी बॉस हैं."

ती मुलगी चटकन सावरून बसली, मला म्हणाली, "गुड ईव्हनिंग, मॅडम." आणि मीही नाक पुसायचं सोडून ताठ उभी राहिले.